सेन्सर नंबर एकशे सतरा

लव्हॉन श्रागशी वाद घालून कुणी जिंकल्याचं शेडमधल्या एकाही माणसाला आठवत नव्हतं. वाद व्हायचे, रोज व्हायचे, पण शेवटी ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "मला काय विचारतोस? विमानाला विचार!" की समोरचा गप्प. वय एकोणसाठ, उजव्या गुडघ्याने दगा दिलेला, केस पुरुषी कापलेले, आणि कॅन्ससमधल्या विचिटाच्या उत्तरेला लहान विमानांच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तरीही नवं विमान हवेत जायच्या आधी त्याची हाडं तपासायची ती लव्हॉननेच, असा तिथला रिवाज होता, आणि तो रिवाज तिला मनापासून आवडत होता.

हाडं तपासायची म्हणजे विमान जाड रबरी दोऱ्यांवर अधांतरी टांगायचं, त्याच्या अंगावर दोनशेच्या आसपास सेन्सर मेणाने चिकटवायचे, आणि पंखांना शेकर, म्हणजे थरथरवणारं यंत्र, जोडून ते अगदी हळू, नाजूकपणे हलवायचं. प्रत्येक भागाचा डुलण्याचा आपला एक ठेका असतो. या नव्या विमानाचा पंख सेकंदाला अकरा वेळा डुलायचा. शेपटीचा ठेका वेगळा, इंजिनाचा वेगळा. लव्हॉन दोन-तीन आठवडे शेडमध्ये मुक्काम ठोकायची आणि असे चाळीस-पन्नास ठेके टिपून काढायची.

याच विमानाची दुसरी प्रत म्हणजे कॉम्प्युटरमधलं विमान होतं आणि ते टोबिन रकर्टच्या ताब्यात होतं. टोबिन बत्तीस वर्षांचा, ऑफिसच्या इमारतीत बसणारा, बोलण्याआधी दोनदा घसा खाकरणारा. त्याच्या विमानाला रंग नव्हता, वास नव्हता. हजारो बारीक तुकडे आकड्यांनी एकमेकांना जोडलेले. पण ते कितीही वेगाने उडवलं तरी त्यात कुणी मरत नव्हतं, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते मुळात अंदाजावर बांधलेलं. म्हणून लव्हॉनचे आकडे आले की टोबिन आपल्या विमानाची दुरुस्ती करत बसायचा. इथला ताठपणा थोडा वाढव, तिथलं वजन थोडं हलव, असं करत दोन्ही विमानं एकाच ठेक्यात डुलायला लागेपर्यंत. ती जुळली की मग कॉम्प्युटरमधल्या विमानाला खरा प्रश्न विचारायचा: फडफड कुठल्या वेगाला सुरू होईल?

फडफड हा शब्द त्या कारखान्यात कुणी हसत उच्चारत नसे. पंखाच्या मागच्या कडेला जी हलती फळी असते, एलेरॉन, तिचा ठेका आणि पंखाचा ठेका वाऱ्यात एकमेकांना सापडले, की दोघं एकमेकांना चढवत जातात. मग तीन-चार सेकंदांत पंख तुटतो. वैमानिकाला हातपाय हलवायलाही वेळ मिळत नाही.

शेड आणि ऑफिस यांच्यात भांडण झालं तर वाकायचं ऑफिसने, हा अलिखित नियम. मोजलेलं ते खरं. १९९६ च्या मार्च महिन्यात तेच झालं.

एलेरॉनची तपासणी दोनदा करायची असते. एकदा वैमानिकासमोरची, एलेरॉन हलवायची दांडी लाकडी चिमट्यात घट्ट पकडून, आणि एकदा दांडी मोकळी सोडून. दांडी पकडल्यावर एलेरॉनचा ठेका चौदा आला, कॉम्प्युटरही चौदाच म्हणत होता. मोकळी सोडल्यावर कॉम्प्युटरच्या हिशेबाने तो नऊवर उतरायला हवा होता. लव्हॉनकडे आला तेरा पूर्णांक आठ.

टोबिन कागद घेऊन शेडमध्ये आला. दोनदा घसा खाकरला.

"लव्हॉन, दांडी धरली काय, सोडली काय, आकडा जवळजवळ तोच. असं कसं होईल?"

"नवं विमान आहे. सांधे घट्ट असतात. केबल ताणलेल्या असतात."

"इतके घट्ट? दांडीच्या स्प्रिंगचा ताठपणा मला जवळजवळ अडीचपट करावा लागेल. स्प्रिंग बनवणाऱ्याचा कागद आहे माझ्याकडे. त्यात..."

"कागद उडवणार आहेस का तू?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. टोबिनचे कान लाल झाले, पण तो हलला नाही.

"आणि दांडीवरचा तुमचा तो सेन्सर. एकशे सतरा नंबर. दांडी मोकळी असेल तर ती हलायला हवी ना? त्यात तर काहीच नाही. सपाट रेघ."

लव्हॉनने चष्मा कपाळावर सरकवला. "मेलाय तो. दोनशे सेन्सर लावले की चार-पाच मरतात, पोरा. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये मरत नाहीत, माझ्याकडे मरतात." तिने लाल पेन्सिल घेतली आणि यादीतल्या एकशे सतराव्या ओळीवर काट मारली. शेजारी लिहिलं: मृत.

टोबिन गेला आणि नियमाप्रमाणे वाकला. त्याने स्प्रिंग अडीचपट ताठ केली आणि काय सांगावं, सगळे ठेके असे जुळले की मीटिंगमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकही आकडा एका टक्क्याच्या बाहेर नाही. आधीचं कॉम्प्युटरमधलं विमान म्हणत होतं, दोनशे अडतीस नॉटच्या आसपास फडफड होईल. दुरुस्त झालेलं विमान म्हणालं, तीनशेपर्यंत काही होत नाही. उड्डाणाच्या परीक्षेत दोनशे पंचेचाळीसपर्यंत जायचं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत टोबिनही होता, हे सांगायला हवं.

जूनच्या मध्यावर, गव्हाची कापणी ऐन भरात असताना, ती सकाळ उजाडली. अशा परीक्षेला हवा निवांत लागते, म्हणून साडेसहालाच विमान धावपट्टीच्या कडेला उभं होतं. लव्हॉन आत चढून एक वायर नीट बसली आहे का ते पाहून खाली उतरली. तेवढ्यात ड्वाइट नाख्टिगल आला. ड्वाइट कारखान्याचा परीक्षा-वैमानिक, चव्वेचाळीस वर्षांचा, लव्हॉनच्याच गावचा, मंडरिजचा. चर्चच्या गायकवृंदात तो मागच्या ओळीत खर्जात गायचा आणि ती पुढच्या ओळीत बेसूर गायची, असं तो जगाला सांगत फिरायचा. त्याची बायको गेल महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी लव्हॉनकडे वेरेनिके, म्हणजे पनीर भरलेल्या करंज्या, लाटायला यायची.

तो कॉकपिटमध्ये वाकला आणि ओरडला, "लव्हॉन! ही दांडी पट्ट्याने बांधलीस ती कशाला? तसूभर हलत नाहीये."

"मी? मी नाही बांधली."

"मग काय पाद्रीबाबा येऊन बांधून गेले?" त्याने दांडीभोवती गुंडाळलेला सीटचा पट्टा सोडला आणि हसत आत बसला. "चल, जेवणाआधी येतो. ते कोबी-खिम्याचे बीरॉक आणलेत ना? दोन ठेव माझ्यासाठी."

कॅन्ससमध्ये याचं कुणालाच नवल वाटलं नसतं. तिथला वारा उभ्या विमानाच्या फळ्या आपटून मोडून टाकतो, म्हणून विमानातून उतरताना दांडीला सीटच्या पट्ट्याचा वेढा घालायचा, हे तिथलं लेकरूही शिकतं. लव्हॉनचे वडील, ऑल्विन, शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायचे. ती चौदा वर्षांची असताना एकदा विमान पुसून उतरली आणि वेढा घालायला विसरली. दुपारी वावटळ आली, डावी फळी बिजागरीतून उखडली, आणि ऐन फवारणीच्या दिवसांत विमान अठरा दिवस अंगणात पडून राहिलं. वडील एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून पंचेचाळीस वर्षं तिचा हात कधी चुकला नव्हता.

विमान सुटलं. ती शेडमध्ये आली, कॉफी ओतली आणि तिच्या टेबलाशी बसली. कोपऱ्यातल्या स्पीकरवर ड्वाइट आणि कंट्रोल रूममधलं बोलणं ऐकू येत होतं. ड्वाइट उंची गाठत होता.

मी नाही बांधली, असं ती म्हणाली होती. मग बांधली कुणी? तिच्यानंतर आत कुणी चढलंच नव्हतं. म्हणजे तिनेच बांधली होती, आणि तिला पत्ता नव्हता. हे तिला थोडं गमतीचं वाटलं. तिने कॉफीचा घोट घेतला.

"दोनशे नॉट," स्पीकर म्हणाला. "दांडीला टिचकी मारतोय. सगळं शांत."

तिने कप खाली ठेवला. हाताला सवय इतकी की डोक्याला पत्ता लागत नाही. मग मार्चमध्ये? लाकडी चिमटा काढायला कॉकपिटमध्ये कोण चढलं होतं? तीच. चिमटा तिने काढला होता, यादीवर खूण केली होती, चिमटा परत खुंटीवर अडकवला होता. यादीत चिमट्याचीच ओळ होती. पट्ट्याची ओळ नव्हती, कारण बंद शेडमध्ये, वारा नसताना, कोण मूर्ख दांडीला पट्टा गुंडाळेल?

तिने स्वतःला समजावलं की हा म्हातारपणाचा खेळ आहे. तीन महिन्यांपूर्वीच्या एका दुपारी हाताने काय केलं, ते कुणाला आठवतं? आठवत तर काहीच नव्हतं. चिमट्याचा खरखरीत लाकडी स्पर्श तेवढा आठवत होता, आणि नंतर शिडीवरून उतरताना गुडघ्यात आलेली कळ.

ती उठली आणि कॉम्प्युटरशी गेली. मार्चची नोंद उघडली. एकशे सतरावर तिचीच लाल काट होती, तिच्याच अक्षरात 'मृत'. मेलेला सेन्सर कसा दिसतो ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं: एकतर पूर्ण शून्य, नाहीतर विजेची नुसती गुणगुण. तिने रेघ पडद्यावर आणली. सपाट. मग तिने ती शंभरपट मोठी केली.

रेघ जिवंत होती. बारीक, पण स्वच्छ, ठेक्यात हलणारी. तिने शेजारी कॉकपिटच्या जमिनीवरच्या सेन्सरची रेघ ठेवली. दोन्ही रेघा केसभरही वेगळ्या नव्हत्या. दांडी जमिनीबरोबर हलत होती, जमिनीला बांधल्यासारखी. कारण ती बांधलेलीच होती. दोनशे सेन्सरांत हा एकटा खरं सांगत होता आणि तिने लाल पेन्सिलने त्याला मारून टाकलं होतं.

"दोनशे पंधरा," ड्वाइट म्हणाला. "सगळं शांत. लोण्यासारखं चाललंय."

 टोबिनचं पहिलं विमान बरोबर होतं. बरोबर असलेल्या विमानाला तिच्या खोट्या आकड्यांशी जुळवून घ्यायला लावलं होतं, आणि त्या जुळणीवर विसंबून ड्वाइट आता वर होता. दोनशे अडतीस. तो आकडा तिला पाठ होता, कारण त्याच्यावरून तिने टोबिनची चारचौघांत खिल्ली उडवली होती.

तिने फोन उचलला आणि कंट्रोल रूमचा नंबर फिरवला. फोन वाजतच राहिला. परीक्षा चालू असताना तिथला फोन भिंतीतून काढून ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. तो नियम करणाऱ्या कमिटीत ती स्वतः होती. कंट्रोल रूम धावपट्टीच्या पलीकडे, चारशे पावलांवर. ती धावायला निघाली आणि दहाव्या पावलाला गुडघ्याने सांगितलं की हे जमणार नाही.

दारात विमान ओढायचा ट्रॅक्टर उभा होता. ती त्याच्यावर चढली. ते यंत्र विमान ओढण्यासाठी बनवलेलं, शर्यतीसाठी नव्हे. पॅडल तळापर्यंत दाबलं तरी ते आपल्याच डौलात चालत राहिलं. वर आकाशात डोळे बारीक करून पाहिलं तर एक ठिपका दिसत होता. ती मोठमोठ्याने बोलत होती, ट्रॅक्टरशी, देवाशी, कुणाशी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "चल. चल ना, मेल्या. चल."

मध्येच एक विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो इथे लपवण्यात अर्थ नाही. कदाचित काहीच होणार नाही. टोबिनचा अंदाज तो अंदाजच. ड्वाइट दोनशे पंचेचाळीस करून उतरेल, बीरॉक खाईल, आणि एकशे सतराची गोष्ट कुणाला कधी कळणार नाही. एकतीस वर्षांचं नाव जिथे आहे तिथेच राहील. हा विचार एक-दोन क्षणच टिकला, पण आला होता. पाय मात्र पॅडलवरून उचलला गेला नाही.

कंट्रोल रूमच्या दारावर लाल दिवा लागलेला होता. लाल दिवा असताना ते दार प्रत्यक्ष मालकानेही उघडायचं नाही. लव्हॉनने उघडलं.

आत चौघं होते. मधल्या खुर्चीत गार्लंड प्रुइट, परीक्षेचा प्रमुख, कानावर हेडफोन, तोंडाशी माइक. टोबिन लांब कागदी पट्ट्यांसमोर, ज्यांच्यावर बारीक पेनं पंखांची हालचाल रेखत होती. त्याच्या उजव्या हाताशी लाल बटण. ते दाबलं की वैमानिकाच्या कानात घंटा वाजते; त्याने कसलाही प्रश्न न विचारता वेग कमी करायचा.

गार्लंडने मान न वळवता हात वर केला. "लव्हॉन, बाहेर! दिवा दिसत नाही का?"

"दोनशे तीस झाले," ड्वाइटचा आवाज आला. "चाळीसकडे निघालो. नाक खाली करतोय."

"गार्लंड, थांबव त्याला."

"कारण? सगळं शांत आहे. पट्ट्या बघ."

कारण सांगायला तिला वेळ नव्हता. तिने गार्लंडकडे पाठ केली आणि टोबिनचा खांदा धरला. ज्याला तिने मार्चमध्ये सगळ्यांसमोर गप्प बसवलं होतं त्यालाच.

"टोबिन, एकशे सतरा मेला नव्हता. दांडी बांधलेली होती. मी बांधली होती."

यावर दुसऱ्या कुणी 'म्हणजे काय' असं विचारलं असतं. टोबिनने विचारलं नाही. तीन महिने तो नऊ हा आकडा त्याच्या घशात अडकून बसला असणार. त्याचा हात बटणावर आदळला.

त्याच क्षणी मधल्या पट्टीवरचं पेन रुंदावू लागलं. आधी रेघ जाड झाली, मग बोटभर, मग दोन बोटं. पेन कागदावर टकटक आपटायला लागलं.  दोनशे छत्तीस. पेन पट्टीच्या कडेला जाऊन धडकलं. एकदा. परत एकदा.

"ड्वाइट!" गार्लंड माइकमध्ये ओरडला. "वेग उतरव! उतरव!"

उत्तर आलं नाही. नुसती खरखर. लव्हॉनने टेबलाची कड धरली. गेल नाख्टिगलला ही बातमी कोण सांगेल, तीच सांगेल, दुसरं कोण, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मग पेन हळूहळू मागे सरकलं. दोन बोटं. एक बोट. रेघ.

"दोनशे दहा," ड्वाइट म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "दांडी... दांडी हातातून सुटली होती. माझे दात अजून वाजतायत. कुणी बटण दाबलं?"

"टोबिनने," गार्लंड म्हणाला.

"टोबिनला सांगा, माझ्या घरी जेवायला ये. आयुष्यभर ये."

लव्हॉन जमिनीवर बसून रडत होती. टोबिन तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्याने घसा खाकरला, एकदा, दोनदा.

विमान उतरल्यावर पाहिलं तर डाव्या एलेरॉनच्या बिजागरीचे तीन रिव्हेट सैल झालेले. चौथा जाग्यावर होता.

तिसऱ्या प्रहरी गार्लंडने तिला आपल्या खोलीत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

"मी लिहिलंय, 'मार्चच्या चाचणीत सेन्सरच्या बिघाडामुळे चुकीचे आकडे आले.' बास. सेन्सर बिघडतात. तू वेळेत येऊन थांबवलंस, तेही लिहिलंय. दोन वर्षं राहिलीत तुझी. नावाला डाग कशाला?"

"सेन्सर बिघडला नव्हता, गार्लंड."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. टोबिन बोलणार नाही."

"तो आधीच बोलला होता," लव्हॉन म्हणाली. "मार्चमध्ये. मीच ऐकलं नाही." तिने त्याचं पेन उचललं, त्याची ओळ खोडली आणि खाली आपल्या हाताने लिहिलं: दांडी तपासणाऱ्या व्यक्तीने सवयीने बांधली. दांडीचा सेन्सर बरोबर होता. त्या व्यक्तीने तो न तपासता मृत ठरवला. गणित बरोबर होतं, ते चुकीच्या चाचणीशी जुळवलं गेलं. व्यक्तीचं नाव: लव्हॉन श्राग. लिहिताना तिचं अक्षर वेडंवाकडं आलं आणि तिला त्याची लाज वाटली, अक्षराचीसुद्धा.

कागद दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या टेबलावर गेला. शेडमधले लोक तिच्याशी जपून, हलक्या आवाजात बोलायला लागले, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं. टोबिनने स्प्रिंग पूर्वीसारखी केली. विमान पुन्हा रबरी दोऱ्यांवर टांगलं गेलं, कारण आता सगळं नव्याने मोजायचं होतं. पण मोजायचं कुणी, हे कुणी बोलत नव्हतं, आणि ती स्वतःहून पुढे होत नव्हती. सेन्सरची पेटी टेबलावर न उघडता तशीच ठेवलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्वाइट शेडमध्ये आला. उतरल्यापासून तो तिच्याशी बोललेला नव्हता. त्याच्या हातात तो कागद होता, चार घड्या घातलेला. त्याने एक स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

"वाचला," तो म्हणाला.

"हं."

"मी वैतागलोय तुझ्यावर. म्हटलं सांगून टाकावं. गेल तर तुझं नावही काढू देत नाही घरात."

"बरोबर आहे तिचं."

"बारा वर्षं झाली. आकडे लव्हॉनचे आहेत म्हटलं की मी पुढचा कागद उलटूनही बघत नाही. चढतो आणि उडवतो." त्याने कागदाची एक घडी उघडली आणि परत घातली. "एक विचारतो. खरं सांग. समज, काही झालंच नसतं. मी पंचेचाळीस करून धडधाकट उतरलो असतो. आणि हे सगळं तुला संध्याकाळी कळलं असतं, इथे, एकटीला. तर सांगितलं असतंस?"

'हो' म्हणणं सोपं होतं. ड्वाइटला ते ऐकायचंही असेल असं तिला वाटलं. ट्रॅक्टरवर बसलेली असताना मनात येऊन गेलेला विचार तिला आठवला. तिने ड्वाइटकडे पाहिलं, मग दोऱ्यांवर लोंबणाऱ्या विमानाकडे.

"माहीत नाही, ड्वाइट. सांगितलं असतं असं वाटतं. पण खात्रीने नाही सांगता येत."

 शेडच्या पत्र्यावर वारा आपटत होता. मग त्याने कागद खिशात कोंबला आणि उठून उभा राहिला.

"हो म्हणाली असतीस ना," तो म्हणाला, "तर माझा विश्वास बसला नसता. मी सरळ गार्लंडकडे जाऊन सांगणार होतो, या विमानाला दुसरा वैमानिक शोधा."

लव्हॉनची नजर टेबलावरच्या पेटीकडे गेली.

"उघड ती पेटी," ड्वाइट म्हणाला. "आणि मोजायला लागलीस की मला बोलव. पूर्ण वेळ मी आत बसणार आहे. नजर दांडीवर आणि हात मांडीवर ठेवून."